धावपट्टीखालचं शिवार

माझ्या आज्जीचं माहेर बेळगावच्या विमानतळाजवळचं, सांबऱ्याच्या कडेच्या गावातलं. तिच्या तोंडात विमानतळ हा शब्द कधीच आला नाही, ती म्हणायची "इमानाचं रान". बागलकोट रोडनं बसमधनं जाताना खिडकीतनं हात करून दाखवायची, "ते बघ, तिकडं आमचं जोंधळं व्हायचं." आम्हा पोरांना तिथं फक्त तारेचं कुंपण, लांबलचक गवताळ माळ आणि नशिबात असलं तर एखादं विमान दिसायचं. जोंधळा कुठं व्हायचा ते काय कळायचं नाही आणि खरं सांगायचं तर आम्ही कधी नीट विचारलंही नाही. ती तेव्हा सात-आठ वर्षांची होती म्हणे, गोरे साहेब आले, दोऱ्या धरून मापं घेतली, उभ्या पिकात खुंट्या मारल्या आणि पुढच्या हंगामाला तिच्या बाला दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जावं लागलं. एवढीच गोष्ट. पण ती दरवेळी सांगायची आणि दरवेळी "खुंट्या मारल्या" इथं येऊन थांबायची.

आता तीच सांबऱ्याची धावपट्टी इतिहासात शोधायला जा, एक-दोन ओळींच्या वर काही हाताला लागत नाही. १९४२ साली रॉयल एअर फोर्सनं बांधली, दुसऱ्या महायुद्धात ट्रेनिंगसाठी वापरली, साउथ ईस्ट एशिया कमांडला, म्हणजे आग्नेय आशियात लढणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या फौजांना, तिचा आधार होता. झालं. बांधली म्हणजे कुणी बांधली, कुणाच्या शिवारात बांधली, दगड कुठनं आणला, मजुरी काय दिली, पिकाची भरपाई काय दिली, यातलं एक अक्षर नाही. माझं म्हणणं सरळ आहे आणि ते मी आधीच सांगून टाकतो. युद्धकाळातल्या या सगळ्या धावपट्ट्यांचा इतिहास आपण आजवर आभाळातनं लिहिला, विमानं कुठली, स्क्वाड्रन कुठली, साहेब कोण. तो जमिनीवरनं लिहायला पाहिजे, त्यासाठी १९४२-४५ चं महसुली दप्तर लोकांना उघडं करायला पाहिजे, आणि बेळगावात हे काम आत्ता नाही केलं तर परत कधीच होणार नाही, कारण ज्यांनी डोळ्यानं बघितलं ती माणसं आता बोटावर मोजण्याइतकीच उरलीत.

१९४२ हे साल आपल्याकडं "चले जाव"चं म्हणून पाठ आहे आणि बेळगाव जिल्हा त्या चळवळीत आघाडीवर होता, हिंडलग्याच्या जेलमध्ये सत्याग्रही भरले होते. पण त्याच वर्षाचं दुसरं तोंड बघा. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, ८ मार्चला रंगून पडलं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी नौदल बंगालच्या उपसागरात शिरलं, ५ तारखेला कोलंबोवर बॉम्ब पडले आणि ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर. इंग्रजांचं सगळं लक्ष आजवर वायव्य सरहद्दीकडं, विमानतळ असले तर तिकडं. पूर्वेकडनं कोणी येईल असं गृहीतच धरलं नव्हतं. मग एकदम घाई सुटली आणि देशभर दोनशेहून जास्त धावपट्ट्यांचा प्लॅन झाला. आसाम आणि बंगालमध्ये लढायला, आणि दक्षिणेत, मागच्या बाजूला, शिकायला आणि दम खायला. बेळगाव या हिशोबात चपखल बसत होतं. छावणी शंभर वर्षांपासूनची, रेल्वे आहे, घाटमाथ्यावरचा थंड सपाट मुलूख आहे आणि पूर्व किनाऱ्यापासून लांब आहे. घाट उतरला की पोर्तुगिजांचा गोवा, जो त्या युद्धात तटस्थ होता, आणि तिथं मुरगावच्या बंदरात जर्मन जहाजं अडकून बसली होती ती १९४३ च्या मार्चमध्ये कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांच्या टोळीनं रात्रीची गाठली. म्हणजे युद्ध आपल्याला वाटतं तेवढं लांब नव्हतं, ते चोर्ला घाटाच्या खाली येऊन उभं होतं.

जमीन घ्यायला साहेबाकडं हत्यार होतं डिफेन्स ऑफ इंडिया रूल्सचं, त्यातला ७५-अ हा नियम. सरकारला युद्धासाठी लागते असं वाटलं की कुठलीही मालमत्ता ताब्यात घ्यायची, बोलणी-बिलणी नंतर. आधीचा १८९४ चा भूसंपादन कायदा तरी नोटीस द्या, हरकत ऐका, असा काहीतरी देखावा करायचा, इथं तेवढंही नाही. आणि लक्षात घ्या, ज्यांची जमीन गेली त्यातल्या बहुतेकांना मताचा अधिकारसुद्धा नव्हता, कारण तेव्हा सारा आणि शिक्षण बघून मत मिळायचं. ज्या सरकारला निवडलं नाही त्यानं, ज्या युद्धाबद्दल विचारलं नाही त्यासाठी, ज्या कागदावरचं वाचता येत नाही त्या कागदानं शेत नेलं.

आणि शेत नेमकं कुठलं गेलं हे पण बघितलं पाहिजे. धावपट्टीला काय लागतं? सपाटी लागते, पाणी तुंबणार नाही अशी जमीन लागते, आणि वारा येतो त्या दिशेला तोंड लागतं कारण विमान वाऱ्याच्या तोंडावर चढतं आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं. आपल्याकडचा वारा घाटाकडनं येणारा, म्हणून सांबऱ्याची पट्टी पूर्व-पश्चिम पडलीय. म्हणजे डोंगराळ, खडकाळ, पडीक माळ घेऊन चालत नाही, सलग मोठा सपाट पट्टाच लागतो आणि असा पट्टा हजार वर्षं नांगरून नांगरून शेतकऱ्यानंच सपाट केलेला असतो. इंजिनिअरला जी जमीन "तयार" दिसते ती कोणीतरी तयार केलेली असते. हे वाक्य मला कुठल्याच विमानतळाच्या इतिहासात सापडलं नाही, पण गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो हेच सांगेल.

आजची सांबऱ्याची पट्टी २,३०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. गणित करा, नुसतं डांबर धरलं तर पंचवीस-सव्वीस एकर. पण पट्टीच्या बाजूची मोकळी जागा, टॅक्सीवे, हँगर, कुंपण, सगळं धरून लागतात शेकडो एकर, मधे विस्तार झाला तेव्हा राज्य सरकारनं जवळजवळ ३७० एकर नव्यानं घेऊन दिले. म्हणजे १९४२ च्या पोटात एक भूसंपादन आणि त्याच्या कडेनं आमच्या डोळ्यादेखत दुसरं. दुसऱ्याचे कागद तरी आहेत, कोर्ट आहे, पेपरात बातम्या आहेत. पहिल्याचं काय?

ओस पडलेल्या विमानतळांची गोष्ट आपल्याकडं कोणी फारशी सांगत नाही म्हणून दोन ठिकाणं सांगतो. ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात रासगोविंदपूरजवळ अमरदा रोड नावाची धावपट्टी आहे, तीन किलोमीटरहून लांब, त्या काळातल्या आशियातल्या सगळ्यात लांब पट्ट्यांपैकी एक म्हणून तिचं नाव घेतात. १९४३ मध्ये तिथं लढाऊ वैमानिकांना हवेतल्या झुंजीचं शिक्षण द्यायचं युनिट काढलं होतं. २६ जुलै १९४५ ला, म्हणजे युद्ध संपायला तीन आठवडे पण उरले नव्हते तेव्हा, सराव करताना दोन लिबरेटर बॉम्बर हवेत एकमेकांवर आदळले आणि १४ जण गेले. युद्ध संपलं, साहेब गेले, पट्टी राहिली. मग वर्षानुवर्षं तिच्यावर गुरं चरली, धान वाळत घातलं, पोरं क्रिकेट खेळली. आता तिथं परत विमानं उतरवायची भाषा सुरू आहे. त्या १४ जणांची नावं जगातल्या कुठल्यातरी स्मशानभूमीच्या रजिस्टरात व्यवस्थित लिहिलेली आहेत आणि लिहिलेली असावीत, माणसं होती ती, कुणाची तरी पोरं होती. पण ज्यांच्या भाताच्या खाचरांवर ते काँक्रीट पडलं त्यांची नावं कुठल्या रजिस्टरात आहेत?

दुसरं ठिकाण पंजाबात, फिरोजपूर जिल्ह्यात फत्तूवाला. तिथली जमीन १९४५ साली युद्धासाठी घेतली, पुढं १९६२, १९६५ आणि १९७१ ला पण ती लँडिंग ग्राउंड म्हणून कामाला आली. आणि मग आरोप असा की १९९७ मध्ये खोटे कागद करून ती जमीन चक्क विकली गेली, आणि गुन्हा दाखल व्हायला २०२५ उजाडलं, ते पण हायकोर्टानं दट्ट्या दिल्यावर. अठ्ठावीस वर्षं! देशाच्या हवाई दलाच्या पट्टीची ही गत, कारण कागदाकडं कोणाचं लक्ष नव्हतं. जुन्या जमिनीचा इतिहास म्हणजे रिकामटेकड्यांचा छंद असं ज्यांना वाटतं त्यांनी हे प्रकरण नीट वाचावं. जमिनीची आठवण सांभाळली नाही की दोघांपैकी एक गोष्ट होते, एकतर मूळ मालकाचं नाव पुसलं जातं नाहीतर सरकारचं पुसलं जातं, आणि दोन्ही वेळा फायदा तिसऱ्याचाच होतो.

आता जरा लांब जातो, पण विषय सोडून नाही. मणिपूर. १९४४ च्या मार्च महिन्यात जपानी फौज इंफाळवर चालून आली तेव्हा इंफाळच्या खोऱ्यात सहा धावपट्ट्या होत्या. कोहिमाकडं जाणारा रस्ता तुटला, २२ जूनला परत जुळेपर्यंत सगळं शहर आणि सगळं सैन्य विमानांवर जगलं. ब्रह्मदेशातल्या अराकानमधून पाचवी इंडियन डिव्हिजन विमानांनी उचलून आणली, तोफा आणि खेचरांसकट. कोइरेंगेईची पट्टी त्यातली मुख्य, तिच्या डोक्यावर नुंगशिगुम नावाची टेकडी, ती जपान्यांनी घेतली तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला आणि १३ एप्रिलला टेकडीवर रणगाडे चढवून ती परत घेतली. आज कोइरेंगेईवरनं विमानं उडत नाहीत, इंफाळचा चालू विमानतळ दुसऱ्या पट्टीवर, तुलीहालला आहे.

यात बेळगावचं काय? सगळंच आहे. जपानी फौज इंफाळकडं येताना उखरूलकडच्या बाजूला सांगशाक नावाच्या डोंगरावरच्या गावात तिला आठवडाभर रोखून धरलं, ते कोणी? ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. मराठा! ज्या रेजिमेंटचं सेंटर आपल्या बेळगावात आहे, ज्यांच्या बँडचा आवाज कॅम्पातनं जाताना आपण ऐकत मोठे झालो. वरनं विमानं रसद टाकत होती आणि त्यातली बरीच वाऱ्यानं जपान्यांच्या बाजूला जाऊन पडत होती, खाली आपली पोरं तहानेनं तडफडत लढत होती. २६ मार्चच्या रात्री ती बाहेर पडली पण तोवर इंफाळला जे दिवस पाहिजे होते ते त्यांनी मिळवून दिले होते. आपण व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावं अभिमानानं घेतो आणि घ्यायलाच पाहिजेत, ते इटलीत लढले. पण सांगशाकचं नाव बेळगावातल्या किती शाळांत घेतात? हातावरची बोटं पण लागणार नाहीत.

मणिपूरच्या लोकांनी मात्र काम केलंय. तिथल्या तरुण पोरांनी डोंगर धुंडाळले, म्हाताऱ्यांना बोलतं केलं, गंजलेली हेल्मेटं आणि काडतुसं गोळा केली, आणि २२ जून २०१९ ला, रस्ता मोकळा झाल्याच्या पंचाहत्तराव्या वर्षी, लाल टेकडीच्या पायथ्याला इंफाळ पीस म्युझियम उघडलं, जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या मदतीनं. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे की ते विजयाचं म्युझियम नाही. ते ना इंग्रजांचं ना जपान्यांचं युद्ध आपलं म्हणून मिरवतं, त्या मधे सापडलेल्या गावकऱ्यांचं काय झालं ते विचारतं. घर जळालं, भात जळालं, पळून जंगलात राहिलो. ज्या दिवशी मी हे वाचलं त्या दिवशी मला आज्जीच्या खुंट्या आठवल्या.

सांबऱ्याची पट्टी ओस पडली नाही हे आपलं नशीब. युद्धानंतर ती हवाई दलाकडं राहिली, आज तिथल्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये देशभरातनं पोरं येऊन शिकतात. आणि १९६१ च्या डिसेंबरात तर या पट्टीनं इतिहास घडवला. गोवा मोकळा करायचं ठरलं तेव्हा हवाई दलाची सगळी ताकद दोन ठिकाणी गोळा केली होती, पुण्याला आणि सांबऱ्याला. १८ डिसेंबरला बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर हंटर विमानांनी हल्ला केला आणि दाबोळीची धावपट्टी कॅनबेरा बॉम्बरांनी फोडली. जमिनीवरनं सतरावी इन्फंट्री डिव्हिजन आणि परत तीच ५० वी पॅरा ब्रिगेड, सांगशाकवाली, सतरा वर्षांनी बेळगावच्या बाजूनं गोव्यात शिरली. छत्तीस तासांच्या आसपास सगळं आटोपलं. गोव्यात दरवर्षी १९ डिसेंबरला मुक्तिदिन होतो, त्यात बेळगावचं नाव कोणी घेत नाही ते एक असो, पण आपल्याच शाळांत ते कोणी सांगत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. ज्या शिवारातनं १९४२ ला परक्याच्या युद्धासाठी जोंधळा उपटला त्याच शिवारानं १९६१ ला शेजारच्या गोव्याला मोकळं व्हायला खांदा दिला, आणि या दोन्ही गोष्टींचा एक साधा फलकसुद्धा नाही.

म्हणून मी म्हणतो की पट्टी चालू आहे पण तिची आठवण ओस पडलीय.

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, चहाच्या टपरीवर ऐकलंय. पहिलं म्हणजे, "अरे मर्दा, इतिहासानं पोट भरतंय काय, विमानं चालू राहूदेत म्हणजे झालं." हे मी हलक्यात घेत नाही. मधे आपली विमानं हुबळीला वळली तेव्हा बेळगावकरांना काय त्रास झाला ते मी बघितलंय, ऑपरेशनच्या पेशंटला घेऊन लोक कुठं कुठं धावले. विमानसेवा पाहिजे आणि चांगली पाहिजे. पण १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचा पायाही घातला गेलाय, म्हणजे एवढ्या मोठ्या बांधकामात एक भिंत लागेल, फक्त एक, जिच्यावर लिहिता येईल की ही जमीन कोणत्या गावांची होती, कधी गेली, कशी गेली. त्यानं एकही विमान कमी होणार नाही.

दुसरं, "इंग्रजांच्या युद्धाचं आपल्याला काय कौतुक?" हे विचारणारे खरे देशप्रेमानं विचारतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण मी साहेबाचं कौतुक करा म्हणतच नाही. उलट साहेबानं काय नेलं त्याचा हिशोब मांडा म्हणतोय. बेचाळीसचा लढा म्हणजे नुसत्या तारा तोडणारे आणि जेलमध्ये जाणारेच नव्हते, ज्यांचं शेत एका हुकुमानं गेलं ते पण बेचाळीसचेच आहेत. त्यांना पेन्शन नको, ताम्रपट नको, निदान नाव तरी द्या.

तिसरी हरकत जरा नाजूक आहे. हवाई दलाचं ठिकाण आहे, संरक्षणाची बाब आहे, उगाच खोदाखोद कशाला. एकदम मान्य. आत काय आहे ते कोणीच विचारत नाही आणि विचारूही नये. पण ऐंशी वर्षांपूर्वीचा गावचा सर्व्हे नंबर, त्यावरचं कुळाचं नाव आणि दिलेली भरपाई यात कसलं गुपित आहे? धावपट्टी तर आज कोणाच्याही मोबाइलच्या नकाशात दिसते.

आणि चौथी, जी कोणी तोंडानं बोलत नाही पण मनात असते, की मराठी माणसानं बेळगावात जमिनीचे जुने कागद मागितले की ते लगेच सीमाप्रश्नाच्या खात्यात जातं. मी सीमाप्रश्नाबद्दल काय मानतो ते मानतो, लपवत नाही. पण हा विषय त्याच्या अलीकडचा आहे. १९४२ ला बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, मधल्या काळातलं महसुली दप्तर मराठी, कन्नड, इंग्रजी असं मिसळलेलं आहे, घराघरातले जुने कागद तर मोडीत. आणि सांबऱ्याच्या पूर्वेला जरा पुढं गेलं की कन्नड बोलणारी गावं लागतात, खुंटी मारणाऱ्यानं भाषा विचारून मारली असेल असं मला वाटत नाही. म्हणून भिंतीवर लिहायचं ते कन्नडमध्ये पण लिहा आणि मराठीत पण लिहा, दोघांच्याही आज्ज्या तिथं रडल्यात.

हे सगळं जुनं उकरून काढण्यामागं माझं एक आजचं कारण पण आहे. आपल्या भागात जमीन जायचं थांबलेलं नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक शिवारात जेसीबी घुसले तेव्हा शेतकरी उभ्या पिकात आडवे झाले, कोर्टात गेले, रिंग रोडसाठी परत तेच. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातला बासमती ज्यानं खाल्लाय त्याला विचारा त्या मातीची किंमत. प्रत्येक वेळी अधिकारी नकाशा घेऊन येतो आणि प्रत्येक वेळी शेतकरी नव्यानं शिकतो, नोटीस म्हणजे काय, हरकत किती दिवसांत घ्यायची, संमतीपत्रावर सही केली की काय होतं. १९४२ चा अनुभव लिहून ठेवला असता तर हे शिक्षण एवढं महाग पडलं नसतं.

कायदा बदललाय, हे पण सांगायला पाहिजे. १८९४ च्या कायद्याच्या १६ व्या कलमानं जमीन एकदा सरकारजमा झाली की सगळ्या बोज्यांतनं मुक्त होऊन सरकारचीच, मूळ मालकाचा काही संबंध उरत नव्हता, पुढं ती वापरली नाही तरी. युद्धात तात्पुरत्या घेतलेल्या जमिनी आधी १९४७ च्या आणि मग १९५२ च्या कायद्यानं सरकारच्या हातात राहिल्या, युद्ध संपलं तरी "तात्पुरतं" संपलंच नाही. केंद्राच्या २०१३ च्या कायद्यात १०१ वं कलम आलं की घेतलेली जमीन पाच वर्षं वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा वारसांना परत जाईल नाहीतर सरकारच्या लँड बँकेत जाईल. हे "नाहीतर" फार मोठं आहे, पण निदान मूळ मालक हा शब्द कायद्यात आला. आणि मूळ मालक कोण हे कसं ठरवणार? त्याच जुन्या कागदांवरनं, जे कुठल्यातरी कपाटात वाळवी खातेय.

मग करायचं काय? मोठा निधी, मोठी समिती असलं मी काही मागत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा, आपल्या भागात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं होतात, लोक वर्गणी काढून करतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे बोलावतात, ग्रंथदिंडी निघते, मला त्याचा मनापासून अभिमान आहे. त्यातलं एक सत्र, फक्त एक, गावच्या जमिनीच्या आठवणींसाठी ठेवा. पाहुणा नको, गावातल्याच नव्वदीच्या माणसाला खुर्चीत बसवा आणि नातवानं मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोडी वाचणारी चार पोरं तयार करा, महिन्याभराचा क्लास पुरतो सुरुवातीला. राणी चन्नम्मा विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्या पोरांना एकेक गाव वाटून द्या, मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत जाऊदेत. आणि जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधले १९३९ ते १९५२ चे संपादनाचे बस्ते स्कॅन करून सगळ्यांना बघायला ठेवा, आजचा उतारा ऑनलाइन मिळतो तर कालचा का नाही.

मी स्वतः एकदा प्रयत्न केला. एका सरकारी कार्यालयात गेलो, अर्ज दिला, की अमुक गावातली १९४२ च्या सुमारास विमानतळाला गेलेली जमीन कोणाकोणाची ते बघायचंय. समोरचा माणूस वाईट नव्हता, त्यानं नीट ऐकून घेतलं, म्हणाला सर्व्हे नंबर द्या, काढून देतो. मी म्हटलं सर्व्हे नंबरच तर शोधतोय. तो म्हणाला मग कसं काढणार? आणि त्याचं बरोबर होतं. बस्ता नंबरानं लावलेला आहे आणि आमच्याकडं नंबर नाही, आमच्याकडं नाव आहे. आमच्या लोकांनी शेताला कधी नंबरानं हाक मारलीच नाही.

त्या रात्री घरी येऊन मी जुनी वही काढली. आज्जी जायच्या आदल्या वर्षी एकदा सहज तिला विचारलं होतं, इमानाच्या रानात तुमची शेतं कुठली कुठली होती गं, आणि ती सांगत गेली तशी मी लिहून घेतली होती. चिंचपट्टी. बामणाचा मळा, जो खरं तर बामणाचा नव्हता. आडवा बांध. थोरल्या विहिरीचं रान. पाचव्याला ती अडली, "थांब, आठवत्ये, आठवत्ये" म्हणाली आणि मग चहा आला आणि विषय राहिला. चुलत्याचं म्हणणं की ते कवठाचं असणार, आत्याचं म्हणणं की कवठाचं वेगळं, ते ओढ्याच्या पलीकडं. मुतग्याला तिच्या वयाची एक बाई आहे असं कळलंय, कान जरा कमी झालेत पण बोलतात चांगलं. येत्या रविवारी जाणार आहे.